तुलनेचे समाधान आणि अन्नाचे ऋण

१. एक सोयीस्कर समजूत

पीटर मेंझेल आणि फेथ डी'अल्युसिओ या अमेरिकन दांपत्याने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात चोवीस देशांतील तीस कुटुंबे, आपापल्या घरी आठवडाभर लागणारी सगळी शिधासामग्री पुढ्यात मांडून, छायाचित्रांसाठी बसली आहेत. एका चित्रात सुमारे पाचशे डॉलरांच्या बाटल्या, मांस, पाव आणि डबे यांच्यामागे उभे असलेले जर्मन कुटुंब आहे; दुसऱ्या चित्रात चाडमधील ब्रेइजिंग छावणीत तंबूसमोर धान्याच्या पोत्याशेजारी बसलेली दारफुरची निर्वासित माता आणि तिची मुले आहेत, आणि त्यांच्या पदरचा आठवड्याचा रोख खर्च १.२३ डॉलर एवढाच नोंदलेला आहे. ही चित्रे पाहून सुखवस्तू वाचकाच्या मुखातून जो उद्गार बाहेर पडतो तो बहुधा एकच असतो: आपण किती भाग्यवान! कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत ताटात भाजी टाकणाऱ्या नातवाला आजी जे सुनावते तेही याच जातीचे असते. १९६६-६७ साली तिच्या आईने तिला बिहारच्या दुष्काळाचा दाखला दिलेला असतो, ती नातवाला आफ्रिकेचा देते, एवढाच काय तो फरक.

या उद्गाराला आपण कृतज्ञता म्हणतो आणि ती सद्गुणांच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो. माझे प्रतिपादन असे की तुलनेतून उपजलेल्या या समाधानाचा कृतज्ञतेशी काही संबंध नाही, आणि ते कृतज्ञतेच्या जागी बसले असल्यामुळेच खरी कृतज्ञता आपल्या घरात शिरू शकत नाही. कृतज्ञता म्हणजे आपल्यासाठी कोणी काही केले आहे याची जाण, ते कोणी केले याचा शोध, आणि ते फेडण्याची बांधिलकी. दारफुरच्या मातेने माझ्यासाठी काहीही केलेले नाही. तिच्याकडे पाहून मला जे वाटते तो सुटकेचा निःश्वास आहे. आणि त्याला तिच्या उपासमारीची नित्य गरज आहे, कारण उद्या ती आपल्या शेतावर परतली आणि तिची पोती भरली तर माझ्या या तथाकथित कृतज्ञतेचा आधारच निखळून पडेल. ज्या सद्गुणाला दुसऱ्याच्या भुकेचा पुरवठा लागतो त्याची तपासणी करणे प्राप्त आहे.

२. वैविध्य निराळे, विषमता निराळी

तुलनेचा पहिला दोष असा की ती दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच तराजूत घालते. कोण काय खातो हा एक प्रश्न आहे; जे खातो ते मिळविण्याचा अधिकार त्याच्या हाती आहे की नाही हा दुसरा. छावणीतल्या त्या कुटुंबाच्या पोत्यात मुख्यतः ज्वारी होती, आणि ती बाजारातून घेतलेली नसून मदतसंस्थांच्या शिध्यातून आलेली होती; म्हणून १.२३ डॉलर हा आकडा त्यांच्या आहाराचे मोल सांगत नाही, त्यांच्या हाती उरलेल्या क्रयशक्तीचे सांगतो. आता ज्वारी हे दख्खनच्या पठाराचे मूळ अन्न. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पुणे, नगर, सोलापूरकडच्या बहुसंख्य घरांत गव्हाची पोळी सणावारी होत असे आणि रोजचे जेवण भाकरीवर चाले. पंजाबातला गहू रेशनच्या व बाजाराच्या वाटेने घरोघर पोहोचला तेव्हा भाकरी मागे सरली आणि मागासलेपणाची खूणही ठरली. तीच भाकरी आता वैद्यांच्या सल्ल्याने कोथरूडच्या जेवणात परत आली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केल्यापासून तिला प्रतिष्ठाही लाभली आहे, आणि चांगल्या ज्वारीसाठी गव्हापेक्षा अधिक दाम मोजण्यास कोणी का कू करीत नाही.

तेव्हा त्या मातेचे दारिद्र्य ज्वारीत नव्हते. ते हिरावलेल्या शेतात, जळालेल्या गावात, दुसऱ्याच्या शिक्क्यावर मोजून मिळणाऱ्या शिध्यात होते. उपासमार ही धान्याच्या अभावापेक्षा धान्यावरील अधिकाराच्या अभावातून उद्भवते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या दुष्काळासह अनेक दाखल्यांवरून दाखविले त्याला आता चार दशके उलटली. तरी आपले डोळे अजून पोत्याच्या आकारावरच खिळतात. आहारातील भेद पाहून वाटायला हवे ते कुतूहल, आणि अधिकारातील भेद पाहून वाटायला हवा तो संताप. दोन्ही ठिकाणी समाधानच वाटत असेल तर पाहणारा आपल्यापलीकडचे काही पाहतच नाही.

३. उलट्या दिशेने वसूल केलेली कृतज्ञता

मुख्य मुद्दा पुढेच आहे. आपल्या समाजात अन्नाविषयीची कृतज्ञता कमी होती असे मुळीच नाही. ती मुबलक होती आणि काटेकोरपणे वसूल केली जात होती, मात्र ज्याने द्यायची त्याच्याऐवजी ज्याला मिळायची त्याच्याकडून.

महाराष्ट्रातल्या जुन्या खेड्यात भाकरी दारावर मागण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. एक माधुकरी. गरीब ब्राह्मण विद्यार्थी चार घरी झोळी फिरवी किंवा पुण्यासारख्या शहरात वार लावून जेवी. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाच्या आरंभीच्या इतिहासातही ही माधुकरी आहे. या विद्यार्थ्याने त्या घरासाठी कोणतेही काम केलेले नसे. तरी त्याला अन्न देणारी गृहिणी आपल्या पदरी पुण्य पडले असे मानी, आणि घेणाऱ्याची मान खाली जात नसे. दुसरी रीत येसकराच्या भाकरीची. ज्या महाराकडे येसकरकीची पाळी असे त्याने वेस राखावी, साऱ्याची रक्कम तालुक्याच्या कचेरीत पोहोचवावी, मयताची वार्ता परगावी न्यावी, मेलेले जनावर ओढावे, सरकारी अंमलदार आला की त्याच्यापुढे धावावे. आणि संध्याकाळी घरोघर हाक देऊन लांबूनच टोपलीत पडणारी भाकर गोळा करावी. ही भाकर त्याने दिवसभराच्या चाकरीने मिळविलेली होती. हिशेबाने पाहता ती मजुरी होती, आणि तीही थकलेली. तरी ती देणाऱ्याची मेहेरबानी ठरे, आणि घेणाऱ्याकडून जोहार, नम्रता व पिढ्यान्‌पिढ्यांचे मिंधेपण वसूल केले जाई.

एकाच उंबरठ्यावर काम न करणारा सन्मानाने घेत होता आणि काम करणारा याचक ठरत होता. म्हणजे आभार कोणी कोणाचे मानायचे हे श्रमावरून ठरत नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची याचना सोडण्याचा जो आग्रह धरला त्याचा आशय केवळ आरोग्याचा वा आचाराचा नव्हता; खोट्या कर्जाच्या खतावर सही करण्यास दिलेला तो नकार होता. महार वतने कायद्याने नष्ट व्हायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या आहाराची जी नोंद केली आहे ती वाचताना मला सर्वांत जाणवते ती गोष्ट अशी की टाकलेल्या, उरलेल्या आणि वर्ज्य ठरविलेल्या जिन्नसांतून ज्यांनी एक संपूर्ण पाककला उभी केली, त्यांना मराठी खाद्यसंस्कृतीच्या प्रशस्तिपत्रात आजवर एक ओळही मिळाली नव्हती.

सरकारेही याच न्यायाने वागत आली. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचा रोज कमी करून तो सुमारे एक पौंड धान्याच्या बेताचा ठरविला. दिवसभर खडी फोडणाऱ्या देहाला एवढ्यावर जगता येत नाही हे दिसत असतानाही, मायबाप सरकारने जीव वाचविला याबद्दल रयतेने ऋणी राहावे अशी अपेक्षा होतीच. मुंबई इलाख्यात हजारो मजूर हा रोज नाकारून कामे सोडून निघाले, आणि गणेश वासुदेव जोशी व रानडे यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. अर्ज-विनंत्यांच्या मवाळ भाषेला हसण्याची आपल्याकडे रीत आहे. पण उपाशी माणसालाही पुरेशा अन्नावर दावा आहे, हे तत्त्व त्या मवाळ कागदांत होते. शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि सुकडी खाऊन महाराष्ट्राने दिवस काढले, आणि त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याचे रूप आले. मागेल त्याला काम द्यावेच लागेल, असे कायदा म्हणू लागला तेव्हा मजुराचे मिंधेपण निदान कागदावर तरी संपले. (परदेशी मदतीचे ऋणही सरळ नसते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असा सार्वत्रिक समज आहे; ते आजही मोकळी जागा दिसली की माजते.)

२०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क देतो. पौड रस्त्याच्या कडेने टेकडीवर चढत गेलेल्या केळेवाडी, किष्किंधानगर, सुतारदरा या वस्त्यांत ज्यांच्या हाती ही शिधापत्रिका आहे त्यांना आपण खाली इमारतींतून अनेकदा ‘फुकट खाणारे’ म्हणतो. आणि फुकट खाणाऱ्याने निदान उपकार तरी स्मरावेत ही अपेक्षा त्या शब्दातच भरलेली असते. त्याच वस्त्यांतून सकाळी सातला उतरणाऱ्या बायका खालच्या शेकडो घरांत पोळ्या लाटतात, हे मात्र त्या वाक्यात नसते.

४. एकादशीच्या ताटाची वंशावळ

ऋणको कोण आणि धनको कोण हे लावायचे तर ताटातूनच सुरुवात करावी, आणि त्यासाठी उपवासाचे ताट सर्वांत योग्य, कारण आपण ते परमशुद्ध व परमस्वदेशी समजतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. ब्राझीलच्या आदिवासींनी त्याचे विष काढून त्याला अन्न केले, पोर्तुगीज दर्यावर्दींनी तो समुद्रापार नेला, आणि आज त्याचे दाणे तामिळनाडूत सेलमच्या परिसरातील कारखान्यांतून आपल्याकडे येतात. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची, रताळेही तिकडचेच. राजगिरा तर मेक्सिकोत अॅझ्टेक लोकांच्या देवकार्यातले धान्य होते, आणि तेवढ्याचसाठी स्पॅनिश राज्यकर्त्यांचा त्यावर रोष झाला. तिथे ज्याचे देवपण अपराध ठरले ते आपल्याकडे एकादशीला चालते. अस्सल जुने म्हणावे असे त्या ताटात वरई, दही, जिरे आणि सैंधव एवढेच उरते.

ही माहिती मी गंमत म्हणून देत नाही. निरनिराळ्या देशांतील कुटुंबांची ताटे भिन्न आहेत असे म्हणताना आपण ती एकमेकांपासून अलग आहेत असे गृहीत धरतो. वस्तुतः ज्या लोकांनी हजारो वर्षे निवड करून हे कंद आणि दाणे सिद्ध केले त्यांच्यापैकी असंख्य लोक युरोपीय विजेत्यांच्या तलवारीने व रोगांनी नष्ट झाले, आणि त्यांचा वारसा मात्र आपल्या कढईत सुखरूप आहे. ज्याचा धनको हयात नाही असे हे ऋण आहे. ‘आपण भाग्यवान’ या उद्गारात ते मावत नाही, कारण भाग्य म्हटले की पूर्वी कोणी काही केले होते ही गोष्टच पुसली जाते.

जवळचे पाहायचे तर फार लांब जावे लागत नाही. पौड फाट्यावरून निघणारा रस्ता मुळशीला जातो. तिथली भाताची खाचरे टाटांच्या धरणाखाली जाऊ नयेत म्हणून मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला, सेनापती बापटांनी त्यापायी तुरुंगवास सोसला, आणि तरीही खाचरे बुडालीच. वीज मुंबईला गेली. कोथरूडच्या कुकरात जे पाणी उकळते ते पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून खडकवासल्यावाटे येते, आणि त्या जलाशयांच्या तळाशीही गावे आहेत.

५. कुटुंब एका ताटात जेवत नाही

छायाचित्रात कुटुंब एकत्र बसलेले दिसते. प्रत्यक्षात आपल्याकडे ते क्रमाने जेवते, आणि क्रमाच्या शेवटी जी बसते तिच्या वाट्याला भांड्यात उरलेले येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या आणि पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५ टक्के वयाच्या मानाने खुजी. एवढ्या स्त्रियांचा रक्तक्षय केवळ गरिबांच्या घरांतून पुरा होत नाही. ‘जगातील कुटुंबे’ अशी तुलना करणाऱ्याने आधी आपल्याच घरातील पहिल्या व शेवटच्या ताटाची तुलना करून पाहावी. तिथे आभार मानण्याजोगे माणूस समोरच उभे असते आणि वाढत असते.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप आजीचा. तुलनेने का होईना, मूल अन्न टाकत नाही ना? टाकत नसेल तर उत्तमच. पण जो धाक दूरच्या उपाशी बालकाच्या नावाने घातला जातो तो मूल मोठे झाले की विरतो, कारण ताटातली भाजी संपविल्याने चाडमधले कोणी जेवत नाही हे त्याला दहाव्या वर्षीच कळते. त्याऐवजी टाकलेली भाजी ओल्या कचऱ्याच्या बादलीतून कोणाच्या हाती पडते, हे त्याला सांगता येईल. पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. अनेक सोसायट्यांच्या दारी त्याच येतात. हे कारण खरे आहे आणि जिन्याखालीच आहे.

दुसरा आक्षेप परंपरेच्या अभिमान्याचा. वैश्वदेव, गोग्रास, काकबळी, अतिथी यांचा भाग आधी काढून मगच जेवणारा समाज कृतघ्न कसा? बैलपोळ्याला बैलाचे ऋण मानणाऱ्याला हा धडा कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी आनंदाने मान्य करतो. जेवणापूर्वी दुसऱ्याचा वाटा बाजूला काढणे ही कृतज्ञतेची मला ठाऊक असलेली सर्वांत प्रगल्भ रीत आहे, कारण ती भावनेवर न थांबता घासापर्यंत जाते. आणि मनुष्य जन्मतःच ऋणी असतो हा विचार तुलनेच्या समाधानापेक्षा कितीतरी खोल आहे. दोष रीतीत नाही, यादीत आहे. धनकोंच्या त्या यादीत देव, पितर, गाय, कावळा आणि पाहुणा आला. वेशीवरचा येसकर आला नाही, आणि रांधणारी तर नाहीच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट. आम्ही दाम मोजतो. शेतकरी विकतो, आम्ही घेतो, व्यवहार पुरा झाला, मग ऋण उरले कोठे? उरले ते दामातच. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ ला ती खुली झाली. मधल्या काळात लासलगावच्या आवारात भाव कोसळले आणि शहरात आपण स्वस्त कांदा घेतला. ती स्वस्ताई बाजाराने दिलेली नव्हती. सरकारी फर्मानाने ती नाशिकच्या शेतकऱ्याच्या खिशातून काढून आपल्या पिशवीत घातली होती. चहातल्या साखरेचेही तेच. बीडकडची जोडपी, ज्यांना कारखान्याच्या भाषेत ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. एक दिवसाचा खाडा झाला तरी दंड बसतो. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील अशा १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. साखरेचा भाव ठरविताना हा खर्च कोणी जमेस धरला होता? दाम देऊन व्यवहार पुरा होतो तो दाम पुरा असेल तेव्हा.

कोणी म्हणेल की या हिशेबाने जेवणातली गोडीच जाईल, प्रत्येक घासाला अपराधाची चव येईल. मला तसे वाटत नाही. ऋण म्हणजे पाप नव्हे. कर्ज असलेला माणूसही मजेत जेवतो, फक्त हप्ता चुकवीत नाही.

७. फेडीविषयी

फेड म्हणजे काय याचा एक नमुना पुण्यातच आहे. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे उपाहारगृह सुरू केले, ना नफा ना तोटा या तत्त्वावर. तिथे हमाल जेवतो, पैसे देतो, आणि कोणाचेही उपकार मानीत नाही. त्याआधी पाच वर्षे, १९६९ साली, झालेल्या माथाडी कायद्याने त्याच्या पाठीवरच्या ओझ्याला मजुरीची नोंद आणि भविष्य निर्वाह निधी मिळण्याची सोय केली. आपल्या घरी पोचणाऱ्या गूळ-धान्याचे प्रत्येक पोते कधी ना कधी अशा पाठीवरून उतरलेले असते. या कायद्याखालच्या माथाडी मंडळाची लेव्ही चुकविणाऱ्या व्यापाऱ्याचा माल चार पैशांनी स्वस्त मिळतो म्हणून आपण जेव्हा खूश होतो, तेव्हा ते चार पैसे कोणाचे असतात हे वेगळे सांगायला नको.

पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा प्रश्न याहून सोपा आणि म्हणूनच अधिक अडचणीचा आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी, साहाय्य, योजना असे त्यात बरेच आहे, पण आठवड्याची सुटी द्यावी की नाही, आजारपणाचे दिवस कापावेत की नाही, हे अजून घरोघरच्या मर्जीवर चालते. कोथरूडमधली पुष्कळ घरे दिवाळीला बाईंना साडी, फराळ आणि वर पोस्त देतात, मनापासून देतात, आणि देताना आपल्याला कृतज्ञता वाटते असेही सांगतात. श्रावणात ती तापाने चार दिवस आली नाही तेव्हा त्या चार दिवसांचे पैसे वळते केलेले असतात. साडीचा खर्च बहुधा तिथूनच निघालेला असतो. तेव्हा आधी पगारी रजा ठरवावी, ती किती दिवसांची हे तिच्याशी बसून ठरवावे, आणि साडीचे नंतर पाहावे.